एकेचाळिसावं पाकीट

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सफाईवाल्या मावशींनी डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं आणि हातातली बादली तिथेच टाकली.

खोलीत फरशीवर एक दणकट माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्या मांडीवर तरुण डॉक्टरांचं डोकं होतं. डोक्याची उजवी बाजू आत गेली होती. रक्त त्या माणसाच्या शर्टातून, पँटमधून खाली झिरपत होतं आणि तो डॉक्टरांच्या गालावर हळूहळू थापट्या मारत म्हणत होता, "अहो, उठा. अहो, तुम्ही बोलावलंत ना."

मावशींची किंकाळी सगळ्या वॉर्डाने ऐकली. चार वॉर्डबॉय धावत आले. त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा त्या माणसाकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याच्यावर तुटून पडले. एकाने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या पाठीत घातला. दुसऱ्याने तोंडावर लाथ मारली. त्याने हातसुद्धा वर केला नाही. पोलीस येईपर्यंत त्याचे दोन दात आणि एक बरगडी गेली होती.

इन्स्पेक्टरबाई पावणेआठला आल्या. दारातच थांबल्या. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी त्या पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहायच्या. हवालदाराला त्याची सवय होती. 

खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन, कोपऱ्यात ऑक्सिजनचे तीन सिलिंडर. भिंतीवर एक्स-रे बघायची उजेडपेटी, म्हणजे पांढरी काच आणि मागे दिवे. पेटी चालू होती. तिच्या काचेवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले होते, छतापर्यंत गेले होते. काचेच्या मधोमध मात्र हाताच्या पंजाएवढा एक चौकोन कोरा होता.

"इथे काहीतरी लावलेलं होतं," बाई म्हणाल्या. "घाव पडले तेव्हा होतं. नंतर कुणीतरी काढून नेलं."

"एक्स-रे असेल."

"एवढासा?"

हवालदाराने बेसिनखाली वाकून पाहिलं. तिथे सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना पडला होता. वजनदार, वीतभर लांब. ओला आणि लखलखीत.

"धुतलाय, मॅडम."

टेबलावर एक वही होती. शेजारी कात्री आणि अन्न गुंडाळायच्या चंदेरी कागदाचं अर्धवट वापरलेलं भेंडोळं. वहीत आकड्यांच्या ओळीच ओळी होत्या आणि नऊ तारखांभोवती लाल पेनाने वर्तुळं काढलेली होती.

मेलेल्या डॉक्टरला वॉर्डात सगळे फूटपट्टी म्हणत. कारण तो सगळं मोजायचा. चहात साखर टाकतानासुद्धा चमचा सपाट करायचा. गेलं वर्षभर तो एक अभ्यास चालवत होता, आणि त्या अभ्यासावरून वॉर्डाचे दोन तट पडले होते.

त्याची हकिकत वॉर्डप्रमुखांनी सांगितली. त्यांना सगळे थोरले डॉक्टर म्हणत. केस पांढरे, आवाज करडा.

"मूल तापाने गळून गेलेलं येतं. हातपाय थंडगार. नख दाबून सोडलं तर रंग परत यायला वेळ लागतो. अशा मुलाला काय द्यायचं?"

"सलाइन?" बाई म्हणाल्या.

"किती वेगाने? आम्ही आयुष्यभर धो धो दिलं. पहिल्या अर्ध्या तासात भरपूर. मी त्यावर पुस्तक लिहिलंय. पण काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं. जलद दिलेली मुलं जास्त दगावली. आमच्या फूटपट्टीने ठरवलं, आपल्याकडे काय होतं ते बघू या."

"कसं बघायचं?"

"बंद पाकिटं. एकपासून एकशेवीसपर्यंत नंबर. आत चिठ्ठी, 'जलद' किंवा 'सावकाश'. मूल आलं, आईबापांनी सही केली, की क्रमाने पुढचं पाकीट फोडायचं. निघेल ते द्यायचं."

"म्हणजे नशिबावर सोडायचं?"

"नशिबावर नाही, निवडणाऱ्याच्या हातात राहू नये म्हणून. डॉक्टरने निवडलं तर तो जास्त आजारी मुलांना आपल्या आवडीचं औषध देतो. मग औषधाने काय केलं आणि आजाराने काय केलं, ते कधीच वेगळं काढता येत नाही."

"तुम्ही गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणालात की या पोराचा अभ्यास मी बंद पाडेन."

थोरल्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणालो."

"का?"

"कारण तो बरोबर ठरला असता तर मी तीस वर्षं काय केलं, हे मला कळलं असतं."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. "आज साडेसहा ते सव्वासात कुठे होतात?"

"खाली. विद्यार्थ्यांना शिकवत होतो."

"अन्न गुंडाळायचा कागद त्याला कशाला लागत होता?"

"कल्पना नाही. तो तर कँटीनमध्येच जेवायचा."

पकडलेल्या माणसाला खालच्या मजल्यावरच्या खाटेला बेडीने बांधलं होतं. तो लोखंडी फाटकं करणारा वेल्डर होता. हातांवर जुन्या ठिणग्यांचे डाग. ओठ फाटून सुजला होता. चार दिवसांपूर्वी त्याची साडेतीन वर्षांची मुलगी याच वॉर्डात गेली होती. घरी तिला चिमणी म्हणत. ती गेली त्या दुपारी त्याने दाराची काच फोडली होती आणि फूटपट्टीचा गळा धरला होता. तिघांनी मिळून सोडवला, तेव्हा तो ओरडला होता, "तुला जिवंत ठेवणार नाही." हे वॉर्डभर माहीत होतं.

"आज का आलास?"

"त्यांनी बोलावलं."

"कुणी?"

"डॉक्टरांनी. काल फोन आला. म्हणाले, सकाळी सातला या, तुमच्या मुलीबद्दल एक गोष्ट सांगायचीय, ती फोनवर सांगण्यासारखी नाही."

"कुठली गोष्ट?"

"तेच ऐकायला आलो होतो. दार उघडंच होतं. पडलेले दिसले. वाटलं, जीव असेल अजून."

"ज्याचा गळा धरला होतास त्याला मांडीवर घेतलंस?"

वेल्डरने भिंतीकडे तोंड केलं. "तिच्याजवळ ते रात्रभर बसले होते, बाई. गळा धरला तेव्हा मी माणसात नव्हतो."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "फोनचं खरं आहे, मॅडम. काल संध्याकाळी पाचला केलेला. पण असल्या हातात पाना बरोबर बसतो. आणि कपडे बघा."

"कपडेच बघतेय. शर्ट रक्ताने भिजलाय. कपाळावर, केसांत मात्र एक शिंतोडा नाही. आणि मला सांगा, ज्याला पाना धुवायचं सुचलं, तो हात न धुता प्रेत मांडीवर घेऊन कशाला बसेल?"



सिस्टर या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. तेवीस वर्षं इथेच. नवे डॉक्टर मुलाला तपासण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. त्या तीन नंबरच्या खाटेजवळ उभ्या होत्या. खाटेवर पाच महिन्यांचं बाळ होतं, नाकात ऑक्सिजनची नळी, पायाच्या बोटाला लावलेला चिमटा, त्याची वायर शेजारच्या यंत्रात. बाळाची आई खुर्चीतच झोपली होती. तीन दिवसांत तिला पहिल्यांदा झोप लागली होती.

"सकाळी कुठे होतात, सिस्टर?"

"इथेच. सहापासून. दर पंधरा मिनिटांनी बाळाचे श्वास मोजत होते. तक्ता लटकवलाय तिथे."

बाईंनी तक्ता हातात घेतला. सहा वाजता त्रेपन्न. सव्वासहाला एकोणपन्नास. साडेसहाला पंचावन्न. पावणेसातला बावन्न. सातला बावन्न. सव्वासातला बावन्न.

"यंत्र असताना हाताने कशाला मोजता?"

"यंत्र नाडी सांगतं आणि रक्तातला ऑक्सिजन सांगतं. श्वास डोळ्यांनी बघायचा असतो. छाती उघडी करून, पूर्ण एक मिनिट." सिस्टरचा आवाज शिकवण्याच्या सुरात गेला. "नव्या मुली अर्धं मिनिट मोजतात आणि दुप्पट करतात. त्याने चुकतं. बाळाचा श्वास घड्याळासारखा नसतो. थांबतो, पळतो. एका मिनिटासारखं दुसरं मिनिट निघत नाही."

"खरंय," बाई म्हणाल्या आणि तक्ता परत लटकवला. "डॉक्टरांचं आणि तुमचं कसं होतं?"

"चांगला मुलगा होता. कागदावर जास्त भरवसा. मुलाकडे बघायच्या आधी पाकिटाकडे बघायचा."

"तुम्हाला पाकिटं पटत नव्हती?"

"समोर मूल गार पडत असतं आणि मी चिठ्ठी वाचायची?" त्यांनी बाळाचं पांघरूण नीट केलं. "पण फोडत होते. ड्यूटी होती माझी."

"तो चंदेरी कागद कशासाठी होता?"

"डबा बांधायला असेल."

बाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. फूटपट्टीकडे डबा नसायचा, हे वॉर्डातल्या मावशींनासुद्धा माहीत होतं. तेवीस वर्षं सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या सिस्टरना माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत तीन कामं झाली. बाईंनी वहीतल्या नऊ तारखा घेऊन ड्यूटीचा तक्ता तपासला. रुग्णालयाच्या तंत्रज्ञाने तीन नंबरच्या खाटेच्या यंत्रातल्या नोंदी उतरवून दिल्या. ते दर मिनिटाची नाडी साठवून ठेवायचं. आणि हवालदार मागच्या अंगणात जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उपसत बसला. रोज नऊ वाजता गाडी येऊन त्या घेऊन जाते. आज पोलिसांनी फाटक बंद केल्यामुळे गाडी बाहेरच अडकली होती. सोळाव्या पिशवीत त्याला हवं ते मिळालं.

तीन वाजता बाईंनी थोरल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना त्याच खोलीत बोलावलं. वेल्डरलाही आणलं. त्याचे दोन्ही हात पुढे बेडीत होते. फरशी पुसली होती, पण फटींमधलं रक्त निघालं नव्हतं.

"ही त्याने केलेली पाकिटं," बाई म्हणाल्या. अभ्यासाच्या पेटीतून त्यांनी दोन पाकिटं काढली. "हे जुनं. हे कालचं." त्यांनी जुनं पाकीट उजेडपेटीच्या काचेवर धरलं आणि दिवा लावला.

कागदातून अक्षरं वर आली. 'सावकाश'.

नवं पाकीट धरलं. काळाकुट्ट चौकोन दिसला, बाकी काही नाही. "आत चंदेरी कागद आहे. कुणीतरी उजेडावर धरून चिठ्ठ्या वाचतंय, हे त्याला कळलं होतं. म्हणून उरलेली पाकिटं तो नव्याने बांधत होता. काचेवरचा कोरा चौकोन एक्स-रेचा नव्हता. तिथे पाकीट लावलेलं होतं."

"कळलं कसं त्याला?" थोरल्या डॉक्टरांनी विचारलं.

"क्रमावरून. पाकिटं नंबराने फोडायची. नऊ वेळा पुढचं आधी फोडलं गेलं आणि मागचं नंतर. जे मूल फारच आजारी असेल त्याला 'सावकाश' येतंय असं दिसलं, की ते बाजूला ठेवायचं आणि पुढचं 'जलद' फोडायचं. मागचं पाकीट नंतर येणाऱ्या बऱ्या मुलाला. मला आधी तुमचा संशय आला, डॉक्टर. पुस्तक तुमचं आहे. पण नऊपैकी चार दिवस तुम्ही परिषदेला गावाबाहेर होतात, आणि आज चाळीस विद्यार्थी तुमच्यासमोर बसले होते. त्या नऊही दिवशी ड्यूटीवर असलेलं माणूस एकच आहे."

सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. "मी तीन नंबरला होते. तक्ता बघितलात तुम्ही."

"बघितला. तुम्हीच म्हणालात, एका मिनिटासारखं दुसरं निघत नाही. तुमचे आधीचे आकडे तसेच आहेत. मग बावन्न, बावन्न, बावन्न. पहिलं बावन्न मोजलेलं असेल. पुढची दोन नंतर बसून लिहिली. सहा सत्तेचाळीसला बाळाच्या पायाचा चिमटा निघाला. यंत्र सतरा मिनिटं वाजत होतं. आई थकून मेल्यासारखी झोपली होती. तुम्ही शेजारी असतात तर तो चिमटा सतरा सेकंदही तसा राहिला नसता."

हवालदाराने टेबलावर एक गुंडाळी ठेवली आणि उलगडली. पांढरा एप्रन होता तो. छातीपासून खांद्यापर्यंत रक्ताचे बारीक शिंतोडे. खिशात चुरगळलेलं जुनं पाकीट, त्याच्याही दर्शनी बाजूवर तेच शिंतोडे.

एप्रनच्या आतल्या शिवणीवर धोब्यासाठी सिस्टरचा नंबर घातलेला होता.

सिस्टर खुर्चीत बसल्या.

"तेवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "गार पडलेली मुलं मी जलद सलाइनवर उठून बसताना बघितलीत. या हातांनी. आणि हा सांगतो, चिठ्ठी निघेल ते द्या. सगळ्यात आजारी मुलाला सावकाश? माझा हातच पुढे होईना. मी कुणाचं वाईट करायला नव्हते बघत."

"आज सकाळी काय झालं?"

"त्याने बोलावलं. पाकीट काचेवर लावून दाखवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, सिस्टर, तुम्ही निवडलेल्या नऊपैकी सहा गेली." त्यांनी वेल्डरकडे बघितलं नाही. "म्हणाला, शेवटच्या मुलीचे वडील सातला येतायत. त्यांना सांगावंच लागेल. मी पाया पडले त्याच्या. म्हटलं, माझं नाव घे, नोकरी घे, पण त्या माणसाला सांगू नकोस. तो म्हणाला, त्यांचा हक्क आहे. आणि पाठ फिरवून उजेडपेटीकडे वळला. हातात पाना कधी आला, मला कळलं नाही."

"पहिल्या घावाला कळलं नसेल," बाई म्हणाल्या. "डोक्यावर सहा घाव आहेत. सहाव्याला?"

सिस्टरनी नजर फरशीच्या फटींकडे वळवली.

"सातला कोण येणार, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून दार उघडं ठेवलंत. त्याची मुलगी तर गेलीच, वर खुनाचा आळही त्याच्यावर."

वेल्डर इतका वेळ बेडीकडे बघत उभा होता. आता त्याने हळूच विचारलं, "काय सांगणार होते मला?"

बाईंनी वही उघडली. हे काम आपल्यावर येणार हे त्यांना दुपारपासून ठाऊक होतं, आणि तेव्हापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "तुमच्या मुलीचं पाकीट एकेचाळिसावं होतं. त्यात सावकाश होतं. तिला बेचाळिसावं दिलं, जलद. दोन तासांनी एक मुलगा आला, तिच्याहून बरा. एकेचाळिसावं त्याला मिळालं. तो तिसऱ्या दिवशी घरी गेला."

वेल्डर कसा हलला ते कुणाला दिसलंच नाही. टेबल उलटलं. सिस्टरची खुर्ची मागे कोसळली आणि तो त्यांच्या छातीवर होता, बेडीची साखळी त्यांच्या गळ्यावर, सगळं अंग त्या साखळीवर. हवालदाराने मागून त्याची मान धरली, त्याने डोकं मागे आपटून हवालदाराचं नाक फोडलं. सिस्टरचे पाय फरशीवर घासत होते. चेहरा निळा पडत चालला होता. थोरले डॉक्टर भिंतीला चिकटून उभे होते. बाईंनी हवालदाराची काठी उचलली आणि त्याच्या मोडलेल्या बरगडीवर ताकदीने मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या घावाला त्याचा श्वास सुटला आणि साखळी सैल झाली.

सिस्टर कुशीवर वळून खोकत राहिल्या. तो फरशीवर पडून छताकडे बघत होता.

"डॉक्टर," तो म्हणाला. "सावकाश दिलं असतं तर वाचली असती?"

तीस वर्षांत थोरल्या डॉक्टरांनी आईबापांना कितीतरी उत्तरं दिली होती.

"माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "कदाचित वाचली असती. कदाचित दोन्हींनी गेली असती. जलद दिल्याने मुलं गेली की मुळात जाणारीच मुलं त्या बाजूला ढकलली गेली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तेच कळावं म्हणून तर पाकिटं होती."

संध्याकाळी पट्ट्या बांधून झाल्यावर बाईंनी वेल्डरला आपल्या जीपमधून घरी सोडलं. सिस्टरवर हात टाकल्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. हवालदाराने नाकाला कापूस लावून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तोही विसरला.

घर दोन खोल्यांचं, जिन्याखालचं. त्याची बायको दारातच उभी होती. तिला फक्त एवढंच कळलं होतं की नवऱ्याला धरून नेलं आणि मग सोडलं. तिने त्याचा सुजलेला चेहरा हातात घेतला, पण विचारलं दुसरंच.

"कशाला बोलावलं होतं त्यांनी? मी उशिरा आणलं म्हणून ना? आदल्या दिवशी ताप चढला तेव्हाच न्यायला हवं होतं. तेच सांगायचं होतं ना त्यांना?"

चार दिवस ती हेच म्हणत होती, जेवताना, झोपताना, भांडी घासताना.

वेल्डरने वळून इन्स्पेक्टरबाईंकडे बघितलं. बाईंनी नजर हलवली नाही, पण मदतही केली नाही.

"नाही गं," तो म्हणाला. फुटलेल्या ओठांमुळे शब्द जड येत होते. "उशीर झाला नव्हता. तू वेळेवर आणलंस तिला. तेवढंच सांगायला बोलावलं होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यावरच खाली बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली.